रोखेचोर मोकळे, साखळदंडातले बुडाले!

एका रेल्वे कंपनीच्या पहिल्या तीस वर्षांत दोन प्रकारचे चोर आम्हांला भेटतात. पहिल्यांनी राज्याच्या पतीवर काढलेले लक्षावधी डॉलरचे रोखे गिळले, कायदे करणाऱ्यांना मद्याने आणि पैशाने वश केले, लोकांच्या करातून बांधावयाच्या मार्गाचा पैसा परराज्यातील रेल्वेच्या सट्ट्यात उधळला, आणि एवढे करूनही त्यांना एका दिवसाची सक्तमजुरी भोगावी लागली नाही. दुसरे होते ते निर्धन, निरक्षर, बहुतांशी कृष्णवर्णीय. त्यांच्यातील पुष्कळांचा गुन्हा म्हणजे उपासमारीच्या दिवसांत केलेली किरकोळ चोरी. परंतु त्यांच्या पायांत लोखंड अडकवून, त्यांना डोंगराच्या पोटात लोटून, पहिल्या चोरांनी बुडवलेली रेल्वे या दुसऱ्यांच्या हाडांवर पुरी करून घेण्यात आली, आणि त्यांच्यातील एकोणीस जण १८८२ च्या डिसेंबरात एकाच दिवशी, बेड्यांसकट, नदीच्या तळाशी गेले. पहिल्यांची चौकशी झाली. शिक्षा दुसऱ्यांना झाली.

ही कंपनी म्हणजे अमेरिकेतील 'वेस्टर्न नॉर्थ कॅरोलायना रेलरोड'. १८५५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने तिला सनद दिली. सॉल्सबरी या गावापासून पश्चिमेला निघून ब्लू रिज पर्वत ओलांडावयाचा, ॲशव्हिल गाठावयाचे आणि डोंगरांनी जगापासून तोडलेला राज्याचा पश्चिम भाग पूर्वेच्या बाजारपेठांशी जोडावयाचा, हा तिचा हेतू. हेतू चांगला होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. डोंगरातल्या शेतकऱ्याला आपला माल घेऊन दिवसेंदिवस चिखलातून गाडी हाकावी लागत असेल, तर त्याच्या दारापर्यंत रूळ नेणे हे राज्याचे कर्तव्यच होय. परंतु सत्कार्याच्या नावाखाली केलेला अत्याचार हा उघड दुष्कृत्यापेक्षा अधिक घातक, कारण त्याच्या विरोधात बोलणाऱ्याला प्रगतीचा वैरी ठरवता येते. या रेल्वेच्या बाबतीत नेमके हेच झाले, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ होत राहिले.

यादवी युद्धापूर्वी या मार्गाच्या कंत्राटदारांनी गुलाम मालकांकडून भाड्याने घेतलेले गुलाम राबवले. १८६१ मध्ये युद्ध पेटले तेव्हा रूळ मॉर्गन्टन गावाच्या अलीकडे येऊन थांबले होते. खरा पर्वत अद्याप पुढेच होता. युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि १८६८ मध्ये पुनर्रचनेच्या काळातील विधिमंडळाने अपुरा मार्ग पुरा करण्यासाठी कंपनीचे दोन विभाग केले. पश्चिम विभागाचा अध्यक्ष झाला जॉर्ज स्वेप्सन, आणि त्याचा जोडीदार झाला मिल्टन लिटलफील्ड. स्वेप्सन हा तिथलाच पेढीवाला आणि गिरणीमालक. लिटलफील्ड हा उत्तरेच्या सैन्यातून आलेला, जनरल म्हणवून घेणारा माणूस. एक दक्षिणेचा, दुसरा उत्तरेचा. चार वर्षे ज्यांच्या पक्षांनी एकमेकांचे रक्त सांडले, त्यांचे हात लाचेच्या थैलीत मात्र क्षणार्धात एकत्र आले. राली येथील विधानभवनाच्याच एका दालनात लिटलफील्डने आमदारांसाठी फुकट मद्याचा गुत्ता चालवला, आणि लोक त्या दालनाला 'तिसरे सभागृह' म्हणू लागले. जिथे कायदा जन्मतो, त्याच छपराखाली कायद्याची खरेदी चालली होती. रोखे मंजूर झाले, ते मिळेल त्या भावाने विकले गेले, पैसा फ्लोरिडातील रेल्वेमार्गांच्या खरेदीत गेला, आणि ब्लू रिजच्या पायथ्याशी जे काम व्हावयाचे ते जागच्या जागी पडले.

पुढे चौकशी समित्या बसल्या. विधिमंडळात मंजुरी मिळवून देण्यासाठी लिटलफील्डला दोन लाख चाळीस हजार डॉलरहून अधिक रक्कम दिल्याचा हिशेब स्वेप्सननेच मांडला. लाच दिली, किती दिली, कोणाला दिली, हे दप्तरात आले! मग काय झाले? लिटलफील्ड फ्लोरिडात जाऊन राहिला, आणि फ्लोरिडाने त्याला नॉर्थ कॅरोलायनाच्या स्वाधीन केले नाही. स्वेप्सनने तडजोडी केल्या, वकील लावले, आणि १८८३ मध्ये तो आपल्याच राज्यात मोकळा माणूस म्हणून मेला. ज्या समाजाला आपल्या तिजोरीवर दरोडा घालणाऱ्याचे नाव, पत्ता आणि आकडा ठाऊक असूनही त्याचा केस वाकडा करता येत नाही, त्या समाजाचा न्याय मग आपला सारा आवेश कोणावर काढतो? दुर्बलांवर.

येथे आमच्या वाचकांनी एका तारखेकडे लक्ष द्यावे. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्या अमेरिकी लोकांनी स्वार्थत्याग केला, त्यांना ते आदरपूर्वक अर्पण केले. त्यांच्या उदाहरणाने आपल्या देशबांधवांचे डोळे उघडावेत, शूद्रांच्या दास्यविमोचनाची प्रेरणा त्यांना मिळावी, ही त्यांची आशा होती. समुद्रापलीकडच्या मुक्तीला इतक्या निर्मळ अंतःकरणाने केलेले वंदन मराठी वाङ्मयात दुसरे क्वचितच सापडेल. ते वंदन योग्य माणसांनाच होते; गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचणारे ते लोक खरोखर वंदनीय होते. परंतु पुण्यात ही अर्पणपत्रिका छापली गेली त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, ज्या देशाला उद्देशून ती लिहिली होती, त्याच देशातील एका राज्याच्या विधिमंडळाने कृष्णवर्णीय माणसांना पुन्हा साखळीत बांधून रेल्वेच्या कामावर पाठवण्याचा कायदा केला. जोतीरावांनी स्वतः सार्वजनिक बांधकामांची कंत्राटे घेतली होती. दगड फोडणाऱ्या माणसाची पाठ कशी मोडते हे त्यांनी जवळून पाहिले होते. ब्लू रिजची हकीकत त्यांच्या कानांवर गेली असती तर त्यांच्या लेखणीने काय केले असते, याची कल्पना त्यांच्या वाचकांना सांगावी लागत नाही.

हा अनर्थ कायद्याच्या कोणत्या दारातून आत आला? अमेरिकेच्या संविधानातील तेरावी दुरुस्ती १८६५ मध्ये संमत झाली. तिने गुलामगिरी आणि सक्तीचे दास्य नाहीसे केले. पण त्याच वाक्यात एक फट ठेवली. गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला शिक्षा म्हणून दास्यात ठेवण्यास मनाई राहिली नाही. ज्या वर्गाचे सगळे वैभव फुकटच्या श्रमांवर उभे होते, त्याला एवढी फट पुरेशी होती. माणसाला मालमत्ता म्हणून विकत घेता येत नाही ना? मग त्याला गुन्हेगार ठरवा! किरकोळ चोरीसाठी वर्षानुवर्षांची कैद द्या! काल मळ्यावर जो मालकाचा गुलाम होता, तो आज राज्याचा कैदी झाला. आणि पूर्वी गुलाम मेला तर मालकाचे हजार डॉलर तरी बुडत, म्हणून त्याला जगवण्यात काही स्वार्थ होता. आता कैदी मेला तर न्यायालय दुसरा पाठवी. नव्या व्यवस्थेत माणसाची किंमत पूर्वीपेक्षा कमी झाली.

१८७५ मध्ये दिवाळखोर झालेली ही कंपनी राज्याने साडेआठ लाख डॉलरांना लिलावात विकत घेतली. तिजोरी रिकामी होती, कारण ती लुटली गेली होती. करदाते संतप्त होते, कारण त्यांना फसवले गेले होते. आणि पश्चिमेकडील मतदार रेल्वेचे वचन मागत होते. या तिढ्यातून राज्यकर्त्यांनी जो मार्ग काढला, तो त्यांच्या नीतिमत्तेची कसोटी होती, आणि त्या कसोटीत ते समूळ नापास झाले. लुटलेला पैसा लुटारूंकडून वसूल करण्याऐवजी राली येथील तुरुंगातून निदान पाचशे कैदी पर्वतावर पाठवण्याचे ठरले. १८७७ मध्ये गव्हर्नर झालेला झेब्युलन व्हान्स हा त्याच डोंगरातील बंकम परगण्याचा सुपुत्र. युद्धकाळात दक्षिणेच्या बाजूने त्याने हेच पद भूषवले होते. आपल्या जन्मभूमीला रेल्वे मिळावी ही त्याची जिद्द. कंपनीचा अध्यक्ष आणि मुख्य अभियंता जेम्स विल्सन हा कुशल स्थापत्यविशारद. एकाची जिद्द, दुसऱ्याचे कौशल्य. प्राण मात्र तिसऱ्यांचे गेले.

बोरघाटातून गाडीने चढलेल्या मराठी वाचकाला पर्वताच्या पायथ्याच्या ओल्ड फोर्ट गावापुढच्या चढणीची कल्पना सहज येईल. सरळ रेषेत मोजले तर साडेतीन मैलांच्या आतले अंतर. पण उंचीचा फरक हजार फुटांच्या घरातला. तेव्हा रूळ डोंगराला वेढे घालत, स्वतःच्याच अंगावरून परतत, नऊ मैलांहून अधिक लांबीने वर न्यावे लागले आणि वाटेत अनेक बोगदे खोदावे लागले. शेवटचा आणि सर्वांत मोठा स्वानानोआ बोगदा, १,८३२ फूट लांबीचा. तो दोन्ही तोंडांकडून एकाच वेळी खणता यावा म्हणून 'सॅलसोला' नावाचे वाफेचे इंजिन डोंगराच्या माथ्यावरून पलीकडे न्यावयाचे ठरले. पुढे तात्पुरते रूळ टाकावयाचे, इंजिन ओढावयाचे, मागचे रूळ उचलून पुन्हा पुढे आणावयाचे. ते ओढले कोणी? बैलांनी आणि कैद्यांनी, एकाच दोराला जुंपून. माणूस आणि बैल यांतील भेद पुसून टाकणारी ही घटना पुढच्या पिढ्यांनी अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून शाळांतून सांगितली!

खडकाशी झुंज हातानेच होती. एकाने पोलादी पहार धरून दर घावाला ती फिरवावयाची, दुसऱ्याने घण घालावयाचा. पहार धरणाऱ्याच्या बोटांपासून घण केसभर अंतरावर पडे. खडक आगीने तापवून त्यावर थंड पाणी ओतावयाचे, म्हणजे तो तडकतो; त्या धुरात आणि वाफेत, बोगद्याच्या बंद तोंडाशी, पुन्हा तीच माणसे. जेथे हेही पुरेना तेथे नायट्रोग्लिसरीन आले. हे स्फोटक धक्क्याने, हलगर्जीने, नुसत्या उष्णतेनेही उडते. ते तेथेच तयार करून लाकडाच्या भुशात आणि मक्याच्या पिठात कालवून भोकांत भरले जाई, आणि ते भरणाऱ्या हातांना हे काम नाकारण्याचा अधिकार नव्हता. मजूर काम सोडून जाऊ शकतो. मजुरी परवडत नाही म्हणू शकतो. निदान पळू शकतो. कैदी पळाला तर पहारेकऱ्याची बंदूक होती. एका खिंडीत तर खणलेला चिखल रात्रीतून पुन्हा खाली सरके, महिनोन्महिने. तिचे नावच 'मड कट' पडले. थंडीत, पावसात, अर्ध्या कपड्यांत, रात्री कोंडवाड्यात साखळीला बांधलेली ही माणसे तोच चिखल दररोज उपसत राहिली. त्यांच्यात स्त्रियाही होत्या.

११ मार्च १८७९ रोजी दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांस मिळाले. बंकम परगण्यात उजेड शिरला आणि दोन्ही टोके अचूक जुळली, अशी तार विल्सनने व्हान्सकडे केली. मोजमाप अचूक होते यात शंका नाही. त्या अचूक मोजमापात मेलेल्यांचा आकडा कोठे होता?

मृत्यूंची जी नोंद सापडते तीच शंभरावर जाते. आजाराने, दरडी कोसळून, स्फोटांत, पळताना गोळी लागून माणसे मेली आणि रुळांच्या कडेला पुरली गेली. वर दगडही ठेवला गेला नाही. जे जगले त्यांची अवस्था काय होती, हे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्याच अहवालांतून दिसते: या रेल्वेवरून परत आलेले कैदी रोगांनी खंगलेले, शरीराने पार मोडलेले, सारी शक्ती गमावलेले होते. हा अहवाल कोणा शत्रूने लिहिला नव्हता. सरकारच्याच लेखणीतून उतरला होता. 'काळच तसा होता, त्या काळाला आजच्या मापाने मोजू नका' असे म्हणणाऱ्या पंडितांनी हे लक्षात ठेवावे. त्या काळाला सारे दिसत होते. डॉक्टरांना दिसत होते, तुरुंगाधिकाऱ्यांना दिसत होते, विधिमंडळाच्या बाकांवर तो अहवाल पडला होता. त्या काळाने डोळे उघडे ठेवून पाहिले, आणि आणखी कैदी धाडले.

घणाच्या ठेक्यावर या माणसांनी गायिलेले बोगद्याचे गाणे मात्र मागे राहिले. ते पुढे डोंगरातील गोऱ्या लोकगायकांच्या तोंडी बसले, संग्राहकांनी ते टिपून घेतले, ध्वनिमुद्रिकांवर आले, पर्वतीय लोकसंगीताचा ठेवा म्हणून वाखाणले गेले. ते कोणाच्या छातीतून निघाले, हे सांगण्याची गरज कित्येक दशके कोणाला वाटली नाही. श्रम घेतले, प्राण घेतला, शेवटी सूरही घेतला!

१८८० च्या ऑक्टोबरात गाडी ॲशव्हिलला पोहोचली, पण त्यापूर्वीच, त्याच वर्षी, राज्याने हा मार्ग खासगी भांडवलदारांच्या टोळीला विकून टाकला होता. आता हे काम 'लोकांच्या रेल्वे'साठी चालले आहे हा बुरखाही उरला नाही. विक्रीच्या करारात रुळांबरोबर, इंजिनांबरोबर माणसेही होती: राज्याने पाचशे कैदी पुरवावयाचे आणि खरेदीदारांनी त्यांच्याबद्दल डोई वर्षाला १२५ डॉलर राज्याला द्यावयाचे. कैद्याला काही नाही. ज्या राज्याने पंधरा वर्षांपूर्वी माणसांचा बाजार बंद झाल्याचे मान्य केले होते, तेच राज्य आता स्वतः बाजारात उभे राहून माणसे भाड्याने देऊ लागले. पुढे मार्ग रिचमंड अँड डॅनव्हिल या बड्या कंपनीच्या ताब्यात गेला. मालक बदलले, साखळी तीच राहिली.

आणि मग टकसीगी नदी. ॲशव्हिलच्या पश्चिमेस, डिल्सबरो गावाजवळ, काऊई बोगदा खणला जात होता. कैद्यांचा तळ नदीच्या एका काठाला, बोगदा दुसऱ्या काठाला. पूल बांधण्याचा खर्च कोण करणार? दोराने ओढावयाची सपाट बुडाची एक नाव होती, तीतून रोज माणसे पलीकडे नेली जात. ३० डिसेंबर १८८२ रोजी नदी फुगलेली आणि बर्फासारखी थंड होती. तीसच्या आसपास कैदी त्या नावेत कोंबलेले. पाणी आत येऊ लागले; नाव बुडणार या भयाने माणसे एका टोकाला धावली; नाव उलटली. पायांत बेड्या असलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे समजण्यास स्थापत्यशास्त्र लागत नाही. एकोणीस जण बुडाले. जवळच्या टेकडीवर त्यांना पुरण्यात आले, नावाच्या पाटीशिवाय.

त्याच प्रवाहात फ्लीट फॉस्टर नावाचा पहारेकरीही बुडत होता. त्याला अँडरसन ड्रेक या कैद्याने ओढून काठावर आणले. स्वतःच्या पायांत बेडी असताना, ज्याच्या हातात आपल्यावर रोखलेली बंदूक आणि चाबूक आहे त्यालाच वाचवणारा हा माणूस! कोणत्याही सुसंस्कृत राज्याने त्याच दिवशी त्याच्या बेड्या तोडल्या असत्या, आणि त्याला माफी मिळणार अशी बोलवाही होती. परंतु फॉस्टरचे पैशाचे पाकीट ड्रेकच्या सामानात सापडले. बस्स, एवढ्यावर सारे संपले. त्याला फटके मारण्यात आले आणि पुन्हा बोगद्यात कामाला लावण्यात आले. एका माणसाचा प्राण वाचवल्याचे पुण्य एका तराजूत, आणि थोड्याशा डॉलरांचे पाकीट दुसऱ्या तराजूत. आणि राज्याच्या न्यायबुद्धीला पाकीट जड वाटले! ज्या राज्याने स्वेप्सनचे लक्षावधी विसरून दाखवले, त्याला ड्रेकचे हे पाकीट विसरता आले नाही. स्वेप्सनने राज्याला काय दिले होते? दिवाळे. ड्रेकने काय दिले होते? एक जिवंत माणूस. या एका प्रसंगापुढे आम्हांला त्या सबंध न्यायव्यवस्थेविषयी आणखी पुरावा नको.

काऊई बोगद्याच्या छतातून आजही पाणी ठिबकते आणि ते बुडालेल्यांचे अश्रू आहेत, अशी दंतकथा तिकडे सांगतात. पर्यटकांची आगगाडी त्या बोगद्यातून जाते, तेव्हा ही गोष्ट ऐकून प्रवासी हळहळतात. आम्हांला ही हळहळ मान्य नाही. हत्येची भूतकथा केली की हत्यारा अदृश्य होतो. त्या माणसांना नदीने नव्हे, दैवाने नव्हे, एका कायद्याने, एका कराराने आणि एका पुलाच्या वाचवलेल्या खर्चाने मारले.

याचे फळ कोणाच्या पदरात पडले ते पाहा. १८८० मध्ये ॲशव्हिलची लोकसंख्या २,६१६ होती. १८९० मध्ये ती १०,२३५ झाली. हवापालटासाठी धनिक येऊ लागले, हॉटेले उभी राहिली, जमिनींचे भाव चढले. न्यूयॉर्कच्या रेल्वेसम्राटाचा नातू जॉर्ज व्हँडरबिल्ट तेथे आला, डोंगरांवर मोहित झाला आणि त्याने बिल्टमोर हा अडीचशे खोल्यांचा प्रासाद बांधला. त्याचा दगड आणि चुना वाहण्यासाठी याच मार्गाला फाटा जोडला गेला. १८९१ मध्ये रूळ राज्याच्या पश्चिम टोकाला मर्फीपर्यंत पोहोचले. १८९४ मध्ये सगळे जाळे सदर्न रेल्वेत विलीन झाले. भाग वाढला, फुलला, नाकारतो कोण? पण ज्या इमारतीच्या पायात माणसे गाडलेली आहेत तिच्या गच्चीवरून दिसणाऱ्या देखाव्याचे वर्णन करीत बसणे, हे इतिहासकाराचे काम नव्हे.

स्मारके उभी राहिली. ओल्ड फोर्टच्या वर, जेथे रूळ सर्वांत जास्त वळसे घेतात, तेथे एक उंच कारंजे आहे. त्याला नाव आहे अलेक्झांडर अँड्र्यूज या रेल्वे अधिकाऱ्याचे. ॲशव्हिलच्या मध्यवर्ती चौकात गव्हर्नर व्हान्सचा ग्रॅनाइटचा स्तंभ शतकाहून अधिक काळ उभा होता. ज्यांनी कैदी धाडले त्यांना दगड मिळाला, ज्यांनी ते राबवले त्यांना पाण्याचा उत्सव मिळाला, आणि ज्यांनी पर्वत फोडला त्यांना झुडपांखालची माती मिळाली. २०२१ मध्ये व्हान्सचा स्तंभ उतरवण्यास आरंभ झाला, आणि त्याच वर्षी, काही इतिहासप्रेमी नागरिकांच्या चिकाटीने, त्या कारंज्याजवळ रेल्वेवर मेलेल्या कैद्यांचे स्मारक झाले. बोगदा पुरा झाल्यापासून एकशे बेचाळीस वर्षांनी! २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने ओल्ड फोर्टपासून ॲशव्हिलपर्यंतचा हाच मार्ग ठिकठिकाणी वाहून नेला. रूळ पुन्हा बसवता येतील. त्यासाठी यंत्रे आहेत, पैसा आहे, पगारी कामगार आहेत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीही पगार देता आला असता, जर आधी तिजोरीच्या चोरांना हात घातला असता.

आणि ती फट? ती बुजली काय? तेराव्या दुरुस्तीतील अपवाद आजही शाबूत आहे. कोलोराडोने २०१८ मध्ये आपल्या राज्यसंविधानातून असा अपवाद काढून टाकला. नंतर नेब्रास्का, युटा, अलाबामा, टेनेसी, ओरेगन, व्हर्मांट येथील मतदारांनी तसेच केले. अलाबामा आणि टेनेसी ही दक्षिणेचीच राज्ये; तेव्हा दक्षिणेला हे जमत नाही ही सबब संपली. उलट जे स्वतःस सर्वांत पुढारलेले म्हणवते त्या कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२४ च्या नोव्हेंबरात ही सुधारणा फेटाळली. आणि ज्या राज्यात स्वानानोआ आहे, काऊई आहे, टकसीगी आहे, त्या नॉर्थ कॅरोलायनाच्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात, गुलामगिरी कायमची निषिद्ध असल्याचे सांगून झाल्यावर, सक्तीच्या दास्याला गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद अजून ठेवलेला आहे. ज्या वाक्याने पाचशे माणसे डोई १२५ डॉलरांना भाड्याने गेली, ते वाक्य जिवंत आहे.

राली, कॅरी, शार्लट या गावांत आज मराठी कुटुंबे राहतात. ती गणपती बसवतात, दिवाळी अंक मागवतात, जोतीरावांची जयंतीही करतात. सुट्टीत मुलांना घेऊन ती ब्लू रिज पाहण्यास जातात, बिल्टमोर पाहतात, डोंगरातल्या गाडीत बसतात. त्यांना आमचे सांगणे आहे: ओल्ड फोर्टला उतरा, त्या कारंज्याजवळच्या स्मारकापुढे मुलांना उभे करा, आणि हे काम कोणी केले व कसे करवून घेतले ते त्यांना मराठीत सांगा. तुमच्यातील जे तेथील नागरिक झाले आहेत, त्यांच्या हातात मत आहे. 'गुलामगिरी' ज्या लोकांना अर्पण झाली होती, त्यांच्यात आता तुमचीही गणना होते. आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहा, सभेत उभे राहून विचारा, आणि राज्याच्या संविधानातील तो अपवाद खोडण्याचा ठराव मतदारांपुढे येईपर्यंत विचारत राहा.